चालत्या गाडीचे चाक बदलणारा

बुडापेस्ट शहरात वात्सी मार्गावर ६२ क्रमांकाची एक मोठी इमारत होती. तळमजल्यावर कान-हेलर या कंपनीचे दुकान. आधी जात्याचे दगड विकत, पुढे शेतीची अवजारे विकू लागले. आपल्या जळगाव-धुळ्याच्या बाजारात पाऊस तोंडावर आला की नांगराचे फाळ, कडबा कुट्टी आणि पंप मांडून बसलेली दुकाने असतात ना, तशाच जातीचे. वरच्या मजल्यांवर मालकांचा गोतावळा राही. त्या घरची मुलगी मार्गिट कान हिचे लग्न मिक्शा नॉयमन या वकिलाशी झाले होते. मिक्शा बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. २८ डिसेंबर १९०३ रोजी त्यांना पहिला मुलगा झाला. त्याचे नाव यानोश. जग त्याला जॉन फॉन नॉयमन म्हणून ओळखते.

आज घराघरांत आणि खिशाखिशांत जी यंत्रे आहेत, त्यांच्या बांधणीला संगणकशास्त्रात याच माणसाचे नाव आहे. त्या बांधणीतली एक गोष्ट मात्र सामान्य वाचकापर्यंत फारशी पोचलेली नाही. या यंत्रात काम सांगणारा हुकूम आणि ज्याच्यावर काम करायचे तो आकडा एकाच कोठारात, एकाच लिपीत राहतात. त्यामुळे यंत्र चालू असतानाच स्वतःला मिळालेला हुकूम खोडून दुसरा लिहू शकते. ही सोय कशी सुचली, तिने काय दिले आणि काय घेतले, हे या माणसाच्या चरित्राबरोबरच सांगता येते.

यानोशचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, मोठमोठे आकडे तोंडी गुणत. नातवाची स्मरणशक्तीही अचाट. पाहुणे आले की टेलिफोन डिरेक्टरीचे पान त्याच्यापुढे धरायचे, पोराने ते वाचायचे आणि मग नावे, नंबर, पत्ते धडाधड म्हणून दाखवायचे. वडिलांनी एक जुना ग्रंथसंग्रह विकत घेतला होता, त्यातल्या जगाच्या इतिहासाचे जाडजूड जर्मन खंड त्याने लहानपणीच वाचून काढले. म्हातारपण काही त्याच्या वाट्याला आले नाही, पण अखेरपर्यंत बायझंटाईन साम्राज्याच्या इतिहासावर तो तासन्‌तास बोलू शके.

मिक्शाची एक सवय मला फार आवडते. बँकेत दिवसभरात जे प्रस्ताव येत, ते तो रात्री जेवणाच्या टेबलावर मुलांपुढे ठेवी. कोणाला कर्ज द्यावे, कोणाचा धंदा चालेल, यावर तिन्ही मुलांनी मत द्यायचे. सर्वांत धाकटा भाऊ मिक्लोश याने पुढे आठवणी लिहिल्या. मिक्शाच्या बँकेने ज्या उद्योगांत पैसा घातला, त्यांत जॅकार्ड मागांचा एक कारखाना होता आणि त्या मागांची चर्चा घरात झाली, हे त्यातूनच कळते. खानदेशातल्या वाचकाला माग समजावून सांगायला नको. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल, धुळ्याची मिल, यांच्या भोंग्यांवर इथल्या दोन-तीन पिढ्यांची घड्याळे लागली. जॅकार्ड मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. भोक असेल तिथे सूत उचलले जाते, नसेल तिथे नाही. पुठ्ठा बदलला की नक्षी बदलते. पण माग स्वतः पुठ्ठ्याला नवे भोक पाडू शकत नाही. पुठ्ठा हुकूम देतो, सूत हुकूम पाळते, आणि दोघांची जात वेगळी. ही जात पुढे नॉयमनने मोडली.

१९१३ साली मिक्शाला सरदारकी मिळाली आणि नावामागे बिरुद लागले. जर्मनीत गेल्यावर यानोशने त्याचेच फॉन केले. शाळेत लास्लो राट्झ नावाच्या गणिताच्या मास्तरांनी मुलाची चुणूक ओळखली आणि विद्यापीठातले गणिती त्याला घरी शिकवायला येतील अशी तजवीज केली. १९१९मध्ये हंगेरीत बेला कुनचे साम्यवादी सरकार आले, तेव्हा बँकवाल्या नॉयमन कुटुंबाने काही काळ देश सोडला. १३३ दिवसांत ते सरकार गेले, पण मागोमाग आलेल्या राजवटीत ज्यूंवर अत्याचार झाले. नॉयमन ज्यू होते. त्या कोवळ्या वयात पाहिलेल्या या दोन गोष्टींनी त्याच्या मनात जी भीती आणि जो कडवेपणा भरला, तो पुढे त्याच्या राजकारणात दिसला.

गणितात पैसा नाही, हे मिक्शाचे मत. बँकेतल्या बापाचे दुसरे काय असणार! तडजोड अशी ठरली की मुलाने रसायन शिकायचे. म्हणून तो आधी बर्लिनला आणि मग झुरिचला केमिकल इंजिनिअरिंग शिकला, आणि त्याच वेळी बुडापेस्टच्या विद्यापीठात नाव घालून गणिताची डॉक्टरेटही करत राहिला. १९२६ साली दोन्ही पदव्या हातात पडल्या. वय बावीस.

पुढची दहा वर्षे मी भराभर सांगतो, कारण त्यातले गणित माझ्या आवाक्यापलीकडचे आहे. बर्लिन विद्यापीठात अध्यापन, १९३०मध्ये मारिएट कोवेशी हिच्याशी लग्न आणि अमेरिकेतल्या प्रिन्स्टनला प्रयाण, १९३२मध्ये पुंजयामिकीच्या गणिती पायावरचा ग्रंथ, १९३३मध्ये प्रिन्स्टनच्याच नव्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी या संस्थेत प्राध्यापकी. आइनस्टाइन तिथलाच सहकारी. जॉनी, कारण आता सगळे त्याला जॉनीच म्हणत, आपल्या खोलीत जर्मन लष्करी बँडच्या तबकड्या मोठ्याने लावी आणि शेजाऱ्यांची तक्रार येई. गलका असला की त्याचे डोके अधिक चाले. गाडी भरधाव हाकी आणि वारंवार ठोके. कपडे मात्र सदा बँकरचे, तीन तुकड्यांचा सूट. ग्रँड कॅन्यनच्या दरीत खेचरावर बसून उतरला तोही सुटातच.

या वर्षांतली एक घटना मात्र थांबून सांगायला हवी. सप्टेंबर १९३० मध्ये क्योनिग्जबर्ग येथे गणितज्ञांची बैठक होती. कुर्ट ग्योडेल नावाच्या अबोल तरुणाने तिथे सांगितले की अंकगणिताची कोणतीही सुसंगत नियमावली घ्या, तिच्या भाषेत अशी खरी विधाने निघतात की जी त्या नियमांनी सिद्ध होत नाहीत. बहुतेकांच्या डोक्यावरून गेले. नॉयमनला तत्काळ कळले. ग्योडेलची क्लृप्ती अशी होती की त्याने प्रत्येक विधानाला एक आकडा दिला. त्यामुळे आकड्यांबद्दल बोलणारे विधान आडवळणाने विधानांबद्दल, अगदी स्वतःबद्दलही बोलू लागले. सांगणारा आणि ज्याच्याबद्दल सांगायचे तो, दोघे एकाच मापाने मोजले गेले. सहा वर्षांनी इंग्लंडच्या ॲलन ट्युरिंगने कागदावर एक काल्पनिक यंत्र मांडले. दुसऱ्या यंत्राचे वर्णन फितीवर लिहून द्यावे आणि याने ते वाचून त्या यंत्रासारखे वागावे. ट्युरिंग १९३६ ते १९३८ प्रिन्स्टनलाच होता. नॉयमनने त्याला आपला सहायक म्हणून ठेवून घेऊ केले, पण तो मायदेशी परतला.

इथे माझ्या मनात पाटणादेवी येते. चाळीसगावपासून जवळच, डोंगराच्या कुशीत, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तेराव्या शतकाच्या आरंभीचा तो शिलालेख अजून आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात चक्रवाल नावाची रीत आहे. एका वर्गाची ६१ पट करून त्यात १ मिळवला की दुसरा पूर्ण वर्ग यावा, असे दोन पूर्णांक शोधायचे. या रीतीने सर्वांत लहान उत्तर येते २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९. प्रत्येक फेरीतून निघालेले आकडे पुढच्या फेरीत घालायचे, चाक फिरवत राहायचे. हे आजच्या अर्थाने अस्सल प्रोग्रॅमिंग आहे. पण फेऱ्या कितीही होवोत, सूत्राचे अक्षर बदलत नाही. फिरतात ते आकडे. ग्योडेल, ट्युरिंग आणि नॉयमन यांनी जी वाट काढली, तिच्यात सूत्राचे अक्षरही आकड्यासारखे हाताळता येऊ लागले. फरक एवढाच आहे, पण तो लहान नाही.

दुसरे महायुद्ध आले. १९३७मध्ये नॉयमन अमेरिकेचा नागरिक झाला होता. त्याच साली मारिएट त्याला सोडून गेली. मुलगी मरीना तेव्हा दोन वर्षांची होती. पुढच्या वर्षी त्याने बुडापेस्टच्या क्लारा दानशी लग्न केले. १९४३पासून तो लॉस अलामोसला अणुबॉम्बच्या कामात होता. प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंनी एकाच क्षणी दाबायचा, तर स्फोटके कशी रचावीत, हा प्रश्न त्याच्याकडे. आकडेमोड इतकी की माणसांच्या फौजा आणि पंचकार्डांची यंत्रे पुरी पडेनात. बॉम्ब कोणत्या शहरावर टाकावा हे सुचवणाऱ्या समितीतही तो बसला. चरित्रकार हे वाक्य घाईने ओलांडतात. मला ते तसे ओलांडवत नाही.

१९४४च्या उन्हाळ्यात ॲबर्डीनच्या रेल्वे फलाटावर हर्मन गोल्डस्टाईन नावाचा लष्करी अधिकारी गाडीची वाट पाहत होता. तो मूळचा गणिताचा माणूस. समोर नॉयमनला पाहून त्याने धीर करून ओळख काढली आणि बोलता बोलता सांगितले की फिलाडेल्फियाला आम्ही एक इलेक्ट्रॉनिक यंत्र बांधतो आहोत, सेकंदाला शेकडो गुणाकार करणारे. त्यासरशी गप्पांचा नूर पालटला आणि तोंडी परीक्षा सुरू झाली. ते यंत्र म्हणजे एनिआक. प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉक्ली हे त्याचे कर्ते. सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह, तीस टन वजन. यंत्र वेगवान, पण त्याला नवे काम सांगायचे तर शेकडो वायरी उपसून दुसरीकडे खोचायच्या. गणित मिनिटांत होई आणि जुळवणीला दिवस लागत.

पुढच्या यंत्रात हे टाळायचे, ही चर्चा तिथे आधीच चालू होती. नॉयमन तीत सामील झाला आणि लॉस अलामोसच्या वाऱ्या करता करता त्याने हाताने एक अहवाल लिहिला. गोल्डस्टाईनने तो टंकलिखित करून ३० जून १९४५ या तारखेने वाटला. १०१ पाने, संदर्भांच्या जागा कोऱ्या, आणि मुखपृष्ठावर एकच नाव, नॉयमनचे. एकर्ट आणि मॉक्ली यांना वाटले की आपल्या खोलीतली चर्चा दुसऱ्याच्या नावाने गावभर झाली. ते बरोबरच होते. शिवाय कल्पना जाहीर झाल्याने पेटंटचा दावाही खिळखिळा झाला. नॉयमनची बाजू अशी की त्याने तिला तर्कशास्त्राची स्वच्छ मांडणी दिली आणि ती सर्वांना खुली केली. दोन्ही खरे आहे. पण नाव एकाचेच लागले, आणि आपले नाव त्याने कधी आग्रहाने खोडलेही नाही.

आता मुद्द्याचे. बँकेचे उदाहरण घेतो, कारण माझी उमेद त्यातच गेली. आमच्याकडे एका कपाटात लेजर असत आणि दुसऱ्या कपाटात सूचनांचे मॅन्युअल. लेजरमध्ये दिवसभर खाडाखोड चाले. मॅन्युअलला मात्र वरून सर्क्युलर आल्याशिवाय कोणी हात लावत नसे. आले की त्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी डकवायची. समजा एका कारकुनाला तीनशे खात्यांच्या शिलकांची बेरीज करायची आहे आणि तो इतका शब्दाला चिकटून चालणारा आहे की लिहिल्यापलीकडे काही करत नाही. त्याला तीनशे चिठ्ठ्या लिहून द्याव्या लागतील. पान १ वरची शिल्लक बेरजेत मिळव, पान २ वरची मिळव, आणि असेच पुढे. नॉयमनच्या मांडणीत तीन-चार चिठ्ठ्या पुरतात. पहिली म्हणते, पान १ वरची शिल्लक बेरजेत मिळव. दुसरी म्हणते, पहिल्या चिठ्ठीवर जो पानाचा आकडा आहे तो एकाने वाढव. तिसरी म्हणते, तीनशेच्या पुढे गेला नसशील तर पुन्हा पहिलीकडे जा. कारकून आपल्या हाताने आपल्याला मिळालेला हुकूम बदलत जातो आणि काम पुढे सरकते.

हे जमते ते चिठ्ठ्या आणि लेजर एकाच कपाटात, एकाच लिपीत असल्यामुळे. पण तिसरी चिठ्ठी लिहायला विसरलात तर? कारकून तीनशेव्या पानाच्या पुढे जाईल. तिथे चिठ्ठ्याच ठेवलेल्या असतील तर त्यांनाही शिल्लक समजून बेरजेत ओढेल, आणि लिहिण्याचे काम असेल तर त्यांच्यावरच आकडे लिहीत सुटेल. त्याला फरक कळत नाही. नॉयमनला हा धोका दिसला होता. १९४५च्या अहवालात त्याने प्रत्येक शब्दावर तो हुकूम की आकडा हे सांगणारी एक खूण ठेवली आणि हुकुमात फक्त पत्त्याचा भाग बदलता येईल अशी कडी घातली. व्हाउचरवरचा खाते क्रमांक बदला, पण नावेचे जमा करू नका, अशातला प्रकार. पुढच्या वर्षी गोल्डस्टाईन आणि आर्थर बर्क्स यांच्याबरोबर त्याने प्रिन्स्टनच्या यंत्राचा आराखडा केला, तेव्हा ती खूण गेली. त्याऐवजी हुकुमातला पत्ता बदलण्यासाठीच खास हुकूम ठेवले. बाकी शहाणपण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर सोडले.

प्रत्यक्षात असे यंत्र आधी चालले ते इंग्लंडमध्ये, २१ जून १९४८ रोजी मँचेस्टरला. केंब्रिजच्या डेव्हिड व्हीलरने या सोयीचा आणखी सुंदर उपयोग केला. वारंवार लागणारे काम एकदाच लिहून ठेवायचे. ते काम सुरू होताना आपल्या शेवटच्या चिठ्ठीवर परत जायचा पत्ता स्वतःच लिहून घेते, आणि काम संपले की ज्याने बोलावले त्याच्याकडे बरोबर परतते. दुसरीकडे मँचेस्टरवाल्यांनी पत्ता वाढवण्यासाठी वेगळी छोटी पेटीच दिली. मग त्या तीन चिठ्ठ्यांच्या कामासाठी हुकुमावर खाडाखोड करण्याची गरज हळूहळू कमी झाली.

एनिआकवरही १९४८मध्ये एक बदल झाला. त्याच्या स्विचांच्या फळ्यांवर हुकूम मांडून ते वाचायची व्यवस्था केली. फळ्या हातानेच फिरवायच्या, म्हणून तिथे यंत्राला हुकूम बदलता येत नसे. त्या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत क्लारा नॉयमन होती. गणिताची पदवी नसलेली ही बाई नवऱ्याच्या समीकरणांचे हुकुमांत रूपांतर करायला शिकली आणि जगातल्या पहिल्या काही प्रोग्रॅमरांत गणली गेली. तिचे नाव आत्ता आत्ता लोक घेऊ लागले आहेत.

एप्रिल-मे १९४९मध्ये दामोदर धर्मानंद कोसंबी प्रिन्स्टनला होते. युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर गणकयंत्रांचा अभ्यास करायला ते इंग्लंड-अमेरिकेत गेले होते. ज्यांच्याशी त्यांनी तिथे चर्चा केल्या, त्यांत नॉयमनही होता. एक कट्टर मार्क्सवादी आणि दुसरा रशियावर आपण होऊन हल्ला करावा या मताचा. कादंबरीकाराला मोह पडावा अशी ही भेट, पण त्यांनी काय बोलले ते मी रचणार नाही. कोसंबी त्या वेळी होमी भाभांच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये होते. याच संस्थेत १९५४ साली रंगस्वामी नरसिंहन आले आणि तरुण इंजिनिअरांच्या चमूने प्रिन्स्टनच्या धर्तीवर मुंबईतच यंत्र बांधायला घेतले. नमुन्याचे छोटे यंत्र १९५६मध्ये चालले, मोठे फेब्रुवारी १९६०मध्ये. २७०० व्हॉल्व्ह, १७०० डायोड, १२५०० रेझिस्टर, आणि प्रिन्स्टनसारखाच ४० अंकांचा शब्द. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण टिफ्रॅक असे केले. नॉयमनच्या अहवालांवर पेटंटचे कुलूप नव्हते, ते छापून वाटले गेले होते, म्हणून कुलाब्याला हे होऊ शकले. एकर्ट-मॉक्लींवरचा अन्याय आणि आपल्याला झालेला फायदा ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत.

प्रिन्स्टनचे यंत्र ४० शब्दांश रुंद, १०२४ शब्द खोल. आजच्या मोजणीत अवघे पाच किलोबाइट. मोबाइलवर येणारा सणाचा शुभेच्छा फोटोही त्यात मावणार नाही. १९५१च्या उन्हाळ्यात त्याच्यावर पहिले मोठे गणित चालले ते हायड्रोजन बॉम्बचे, साठ दिवस, रात्रंदिवस. दुसरे स्वप्न हवामानाचे. त्याआधी १९५०मध्ये एनिआकवर नॉयमन आणि ज्यूल चार्नी यांच्या गटाने चोवीस तासांचा अंदाज काढून पाहिला, आणि तो काढायला साधारण चोवीस तासच लागले. म्हणजे अंदाज हाती येईतो ते हवामान खिडकीबाहेर हजर. हसू येते, पण जूनमध्ये आभाळाकडे पाहणारा आपला कापूस उत्पादक आज ज्या अंदाजावर पेरणी ठरवतो, त्याचे मूळ तिथे आहे.

सप्टेंबर १९४८मध्ये त्याने कॅलिफोर्नियात एक व्याख्यान दिले. यंत्राने स्वतःसारखेच दुसरे यंत्र बनवायचे तर काय लागेल? त्याचे उत्तर असे की यंत्राजवळ स्वतःचे वर्णन हवे आणि ते दोनदा वापरले पाहिजे. एकदा हुकूम म्हणून, नवे यंत्र बांधायला, आणि एकदा नुसता मजकूर म्हणून, नव्या यंत्रासाठी नक्कल करायला. पाच वर्षांनी डीएनएची रचना उलगडली, आणि पेशीही जवळपास हेच करते हे दिसले.

इतकी दूरदृष्टी असलेल्या माणसाचा एक हट्ट मात्र नवल वाटावे असा. त्याच्या एका विद्यार्थ्याने माणसाला सोप्या शब्दांतून यंत्राचे हुकूम तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा असे मौल्यवान यंत्र कारकुनी कामाला जुंपल्याबद्दल नॉयमन रागावला, अशी आठवण सांगतात. हुकूमही आकडाच आहे हे ज्याने शिकवले, त्याला प्रोग्रॅमने प्रोग्रॅम लिहावा ही उधळपट्टी वाटली. स्वतः त्याला सरळ यंत्राच्या आकड्यांत विचार करता येई. इतरांना येत नाही, हे अशा माणसांच्या लक्षात येत नसावे.

इतरांनी ती उधळपट्टी आनंदाने केली. १९५८मध्ये जॉन मॅकार्थीने लिस्प ही भाषा रचली, तिच्यात प्रोग्रॅम आणि माहिती यांचा आकारच एक. आज आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुले पायथन शिकतात, त्यातही प्रोग्रॅम चालू असताना त्याचा एखादा भाग काढून त्याच नावाने दुसरा बसवता येतो. या प्रकाराला मंकी पॅचिंग म्हणतात. मूळ शब्द गनिमी काव्याचा गेरिला, त्याचा उच्चारसाम्याने गोरिला झाला आणि गोरिलाचे शेवटी माकड, असे म्हणतात. मे १९९९मध्ये डीप स्पेस १ हे यान अवकाशात दूर असताना त्यातल्या लिस्पमधल्या प्रोग्रॅममध्ये अडथळा आला, तेव्हा पृथ्वीवरच्या इंजिनिअरांनी चालू प्रोग्रॅमशीच बोलून दोष शोधला. चालत्या गाडीचे चाक बदलण्याचा यापेक्षा मोठा दाखला मला ठाऊक नाही.

याच सोयीची दुसरी बाजू बँकवाल्याने सांगायला हवी. फेब्रुवारी २०१६मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढायचा प्रयत्न झाला. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये गेले. तपासणाऱ्या तज्ज्ञांना आढळले की चोरांच्या प्रोग्रॅमने बँकेचा संदेशांचा प्रोग्रॅम चालू असतानाच त्याच्या स्मृतीतले दोन बाइट बदलले होते. तपासणीत नापास झालास तर थांब, अशा अर्थाचा जो हुकूम होता, त्याच्या जागी काहीच करू नकोस असा हुकूम लिहिला. दोन बाइट! एखाद्या कारकुनाने मॅन्युअलमधल्या नाही या शब्दावर शाई सांडावी, इतकेच. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा खोट्या मंजुऱ्या देणारी व्यवस्थाच मध्ये घुसवलेली होती. आता यंत्रे स्मृतीच्या भागांवर पाट्या लावतात. इथे लिहिता येईल पण इथला मजकूर हुकूम म्हणून चालणार नाही, तिथे चालेल पण लिहिता येणार नाही. म्हणजे १९४५च्या अहवालातली ती खूण दुसऱ्या रूपाने परत आली.

मार्च १९५५मध्ये नॉयमन अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचा सदस्य झाला. त्याच उन्हाळ्यात खांद्याच्या दुखण्यातून कर्करोग निघाला. फेब्रुवारी १९५६मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्याला पदक दिले, ते त्याने चाकाच्या खुर्चीत बसून घेतले. वॉल्टर रीड रुग्णालयातल्या खोलीबाहेर लष्कराचा पहारा असे. दुखण्याच्या भरात तो गुपिते बरळेल ही सरकारला धास्ती. जन्मभर देवाधर्माची फिकीर न केलेल्या या माणसाने कॅथॉलिक पाद्री बोलावून घेतला, मित्र चकित झाले. त्या पाद्र्याच्या भेटींनीही मरणाची भीती फारशी उणावली नाही. मरीनाने पुढे लिहिले आहे की शेवटी शेवटी तो तिला साध्या बेरजा विचारायला सांगे, सात आणि चारसारख्या, आणि त्याही त्याला अवघड जात. आपले डोके चालते आहे की नाही, हे तो तपासत होता.

८ फेब्रुवारी १९५७ रोजी तो गेला. वय ५३. येल विद्यापीठात द्यायची व्याख्याने, यंत्र आणि मेंदू यांच्या तुलनेवरची, अर्धीच लिहून झाली होती. क्लाराने त्यांना प्रस्तावना लिहून १९५८मध्ये पुस्तक काढले. त्याच साली प्रिन्स्टनचे यंत्र बंद केले गेले, आणि ते आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.